फोटोवर माऊसने आकार काढताना: फोटोला हात लावू नका

फर्मागुढीहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने मालीमच्या जेटीवर मासळीच्या क्रेटचे फोटो मोबाइलवर काढलेत. प्रत्येक माशाभोवती माऊसने चौकट काढायची, त्याचं नाव द्यायचं आणि सगळं फाइलमध्ये साठवायचं, म्हणजे पुढे मासे ओळखणाऱ्या मॉडेलला शिकवता येईल. पायथन आणि ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारी लायब्ररी) वापरून लिहिलेला प्रोग्राम तीन ठिकाणी अडलाय. माऊस ओढला की एका चौकटीऐवजी चौकटींचा गुंता होतो. पडद्यावर मावावा म्हणून फोटो लहान केला की साठवलेली चौकट मूळ फोटोत भलत्याच जागी पडते. आणि ‘बांगडा’ लिहिलं की प्रश्नचिन्हं उमटतात.

पहिल्या दोन अडचणी एकाच मुळातून येतात. तुमच्या प्रोग्रामात फोटो, त्यावरचे आकार आणि पडद्यावर दिसणारं चित्र या तिन्ही गोष्टी एकाच चलात कोंबल्या आहेत. त्या तीन जागी ठेवा. फोटो उघडल्यावर त्याचा एकही पिक्सेल बदलायचा नाही. आकार म्हणजे फक्त आकड्यांची यादी, आणि ते आकडे नेहमी मूळ फोटोच्या मापात. पडद्यावरचं चित्र या दोघांवरून दर वेळी नव्याने तयार करायचं आणि खुशाल फेकून द्यायचं.

आता गुंता का होतो ते बघू. ओपनसीव्हीचं ‘रेक्टँगल’ फंक्शन चौकट फोटोवर ‘ठेवत’ नाही, फोटोतल्या पिक्सेलचे आकडेच बदलतं. आपल्याकडच्या जुन्या देवळांतलं कावीकाम आठवा: चुन्याच्या गिलाव्यावर काव फासायची आणि ती ओली असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. खरवडलेली काव परत येत नाही. तुमचा प्रोग्राम माऊस हलल्याच्या प्रत्येक घटनेला असंच एकेक खरवडणं करतोय, आधीची चौकट पुसायला खाली काहीच उरलेलं नाही.

म्हणून माऊस हलला की फोटोची प्रत घ्यायची, प्रतीवर चौकट काढायची, प्रत दाखवायची. इथे नवशिके हमखास फसतात ते ‘प्रत = फोटो’ असं लिहून. पायथनमध्ये त्याने प्रत होत नाही, त्याच फोटोला दुसरं नाव मिळतं आणि गुंता तसाच राहतो. ‘कॉपी’ ही पद्धत स्पष्टपणे बोलवावी लागते.

एवढ्यावर चौकट एकच दिसेल, पण माऊसच्या मागे रखडत येईल. हिशेब करा. मोबाइलचा ४०००×३००० चा फोटो, प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे एका प्रतीला ३६ मेगाबाइट. साधा यूएसबी माऊस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो. त्यातल्या निम्म्या घटना जरी प्रोग्रामपर्यंत पोचल्या तरी सेकंदाला दोन गिगाबाइटच्या वर नुसती नक्कल चालली आहे. पडद्याला एवढा फोटो लागतच नाही. सुरुवातीलाच १२००×९०० ची लहान आवृत्ती करून ठेवा आणि प्रत तिची घ्या, सव्वातीन मेगाबाइटच्या आत काम होतं. काढून झालेल्या चौकटी आणखी एका मधल्या चित्रावर काढून ठेवल्या तर माऊस हलताना फक्त चालू चौकट काढावी लागते. क्रेटमध्ये शंभर तारल्या असतील तर हा फरक लगेच जाणवतो.

जुन्या लोकांकडे प्रत ठेवण्याइतकी जागाच नव्हती. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये एकूण १२८ किलोबाइट मेमरी होती, आणि ५१२×३४२ चा काळा-पांढरा पडदाच त्यातले २१,८८८ बाइट खात होता, म्हणजे सहावा हिस्सा. अशा यंत्रांवर ओढती चौकट ‘एक्सॉर’ने काढायची रीत होती: प्रत्येक पिक्सेल उलटा करायचा, तीच रेघ पुन्हा काढली की पिक्सेल परत सुलट. विंडोजच्या जुन्या पुस्तकांत ही युक्ती अजून सापडते. आज तिच्या नादी लागू नका. करड्या पार्श्वभूमीवर ती रेघ जवळजवळ अदृश्य होते, आणि मासळीचे फोटो म्हणजे करड्या रंगाचंच राज्य.

दुसरी अडचण निर्देशकांची. माऊस पडद्याच्या भाषेत बोलतो, फाइलमध्ये फोटोची भाषा हवी. ४००० रुंदीचा फोटो १२०० मध्ये बसवला तर गुणक ०.३. माऊस (६००, ३००) वर असेल तर मूळ फोटोतला बिंदू (२०००, १०००). फोटोच्या बाजूला रिकामी पट्टी सोडली असेल तर आधी पट्टीची रुंदी वजा करा, मग भागा. हा क्रम उलटला तर डाव्या टोकाला फरक एक आणि उजव्या टोकाला दुसरा, असं होत नाही; सगळ्या चौकटी सारख्याच अंतराने सरकतात. चूक ओळखायला ही खूण पुरते. अंतर सगळीकडे सारखं असेल तर वजाबाकी तपासा, उजवीकडे आणि खाली जाताना वाढत असेल तर गुणक तपासा.

हे रूपांतर एकाच फंक्शनमध्ये लिहा आणि माऊसची घटना आली रे आली की पहिलं काम तेच करा. त्याच्या पुढे प्रोग्रामात कुठेही पडद्याचे आकडे फिरकता कामा नयेत. चित्र काढताना उलट रूपांतर, तेही एकाच जागी.

ओपनसीव्हीत एक जास्तीची मेख आहे. विंडो ‘विंडो-नॉर्मल’ प्रकारची केली आणि पूर्ण फोटो दाखवला, तर विंडो ताणली-आकसली तरी माऊसचे आकडे बहुतेक ठिकाणी फोटोच्या मापातच मिळतात, कारण भागाकार ओपनसीव्ही आतल्या आत करून टाकतं. त्यावर तुम्हीही भागाकार केलात की दोनदा झाला. खात्रीसाठी फोटोच्या उजव्या-खालच्या कोपऱ्यावर क्लिक करून आकडे छापा. ३९९९ आणि २९९९ च्या आसपास आले तर भागाकार आधीच झालाय.

झूम मात्र हवाच. ०.३ गुणकावर पडद्यावरचा एक पिक्सेल म्हणजे फोटोतले तीनपेक्षा जास्त, हात एवढासा हलला तरी सुंगटाचं (कोळंबीचं) डोकं चौकटीबाहेर. चाक फिरवल्यावर माऊसखालचा बिंदू जागचा हलू नये असा झूम करा. झूमच्या आधी माऊसखाली फोटोतला कोणता बिंदू आहे तो काढायचा, मग फोटोचा नवा आरंभबिंदू = माऊसची जागा वजा (तो बिंदू गुणिले नवा गुणक). वरच्याच उदाहरणात गुणक ०.३ वरून ०.६ केला, तर आरंभबिंदू ६००−१२०० आणि ३००−६००, म्हणजे (−६००, −३००). बिंदू (२०००, १०००) पुन्हा बरोबर (६००, ३००) वरच येतो.

मूठ पकडायचं अंतरही पडद्याच्या मापात ठरवा. चौकटीचा कोपरा पकडता यावा म्हणून ८ पिक्सेलची सवलत ठेवली, तर ती पडद्यावरच्या ८ पिक्सेलची. फोटोच्या मापात ती ०.३ गुणकावर सुमारे २७ आणि गुणक २ केल्यावर ४. हे विसरलं की झूम केल्यावर कोपरा खूप लांबूनच पकडला जातो आणि झूम काढला की हातीच लागत नाही.

आता छोटे सापळे, भराभर. नमपायमध्ये (फोटोतले आकडे तक्त्यासारखे ठेवणारी पायथनची लायब्ररी) आधी ओळ, मग स्तंभ, म्हणजे आधी ‘वाय’ मग ‘एक्स’. चित्र काढणारी फंक्शनं मात्र आधी ‘एक्स’ घेतात. उलटापालट झाली तर कधी प्रोग्राम कोसळतो (ते बरं), पण बहुधा मुकाट्याने दुसराच तुकडा कापून देतो. माऊस फोटोबाहेर गेला की आकडे ऋण येऊ शकतात. −५ पासून ३०० पर्यंत कापायला सांगितलं तर पायथन शेवटून मोजायला लागतं आणि रिकामा तुकडा देतं, चूक झाल्याचा निरोपही न देता. म्हणून शून्य आणि फोटोची रुंदी-उंची यांच्या मर्यादेत आकडे दाबून घ्या. लोक चौकट उजवीकडून डावीकडे, खालून वर अशीही ओढतात, तेव्हा बटण सोडल्यावर लहान आकडा डावा-वरचा, मोठा उजवा-खालचा अशी मांडणी करा. ओढत असताना मात्र करू नका, सुरुवातीचा कोपरा हरवतो. पडद्यावर चार-पाच पिक्सेलपेक्षा लहान चौकट आली तर तो चुकून झालेला क्लिक समजून टाकून द्या.

मोबाइल उभा धरून काढलेल्या फोटोंकडे वेगळं लक्ष द्या. पुष्कळ फोन फाइलमध्ये फोटो आडवाच ठेवतात आणि ‘हा फिरवून दाखवा’ अशी एक्झिफ नोंद सोबत लावतात. ओपनसीव्ही साधेपणाने फोटो उघडताना ती नोंद पाळतं. पिलो ही पायथनची दुसरी चित्र-लायब्ररी उघडताना पाळत नाही, तिथे ‘एक्झिफ-ट्रान्सपोज’ स्वतः करावं लागतं. एका प्रोग्रामात काढलेल्या चौकटी दुसऱ्यात नव्वद अंशांनी फिरलेल्या दिसल्या तर आधी हे तपासा. आणि व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा आलेला फोटो तर लहानच झालेला असतो. म्हणून चौकटींच्या फाइलमध्ये फोटोची रुंदी आणि उंचीही लिहून ठेवा, उघडताना ती जुळली नाही तर प्रोग्रामने अडून बसावं. प्रकल्पात मैत्रिणी फोटो पाठवणार असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण या कामात चौकट हा आकारच मला पटत नाही. क्रेटमधले बांगडे तिरके, एकमेकांवर पडलेले असतात. एक बांगडा घ्या: तोंड (१०००, १०००) वर, शेपटी (१४००, १३००) वर. लांबी बरोबर ५०० पिक्सेल, जाडी १३० धरू. त्याच्याभोवतीची सरळ चौकट ४७८×४०४ ची होते, आणि त्यातला जेमतेम एक तृतीयांश भाग त्या बांगड्याचा. बाकीचे दोन तृतीयांश शेजाऱ्यांचे आणि बर्फाचे. मॉडेल यातून काय शिकेल?

बहुभुज काढता येतो, पण शंभर माशांना प्रत्येकी वीस क्लिक म्हणजे दोन हजार क्लिक. तिसऱ्या क्रेटला तुम्ही कंटाळाल आणि कंटाळलेल्या माणसाच्या चौकटी वाईट असतात. मी इथे तीन क्लिकची फिरलेली चौकट वापरीन. पहिला क्लिक तोंडावर, दुसरा शेपटीवर, तिसरा पोटाच्या सगळ्यात फुगीर जागी. पहिल्या दोन बिंदूंनी अक्ष ठरतो. तिसऱ्या बिंदूचं त्या अक्षापासूनचं लंबांतर काढायचं: दोन सदिशांचा फुली-गुणाकार, त्याचं ऋण-धन चिन्ह सोडून, भागिले अक्षाची लांबी. तिसरा क्लिक (११६५, १२०५) वर असेल तर तोंडापासून तो १६५ उजवीकडे आणि २०५ खाली आहे. ४००×२०५ वजा ३००×१६५ म्हणजे ३२,५००; भागिले ५००, उत्तर ६५. तेवढंच पाठीकडे धरलं की जाडी १३०. दुसऱ्या क्लिकनंतर माऊस हलत असताना ही चौकट फुगत-आकसत दाखवा, नेम चटकन बसतो.

यातून लांबी आयतीच मिळते. फोटोत माशांच्याच पातळीवर स्टीलची पट्टी ठेवली आणि कॅमेरा सरळ वरून धरला तर, समजा १ सेंटीमीटरला २५ पिक्सेल आले, हा बांगडा २० सेंटीमीटरचा. क्रेटच्या काठावर टेकवलेली पट्टी चालणार नाही, ती कॅमेऱ्याला जास्त जवळ असते.

तरीही बहुभुज काढायचाच असेल (खेकड्यांना दुसरा इलाज नाही) तर तो बंद कसा करायचा हे आधी ठरवा. पहिल्या बिंदूजवळ क्लिक किंवा एंटर, हे मला सोयीचं वाटतं. दुहेरी क्लिकवर बंद करणार असाल तर वेबपानात दुहेरी क्लिकच्या आधी दोन साधे क्लिकही येतात, हे ध्यानात ठेवा. शेवटचा बिंदू दोनदा नोंदला जातो आणि पुढे क्षेत्रफळ, कोपरे यांत शून्य लांबीची बाजू डोकं वर काढते. काढलेला मासा क्लिकने निवडण्यासाठी ओपनसीव्हीत ‘पॉइंट-पॉलिगॉन-टेस्ट’ तयार आहे. एकाच जागी दोन-तीन आकार सापडले तर सगळ्यात लहान क्षेत्रफळाचा निवडा. ‘सगळ्यात वरचा’ हा नेहमीचा नियम इथे त्रास देतो, मोठ्या विसवणीखाली (सुरमईखाली) गेलेली तारली मग कधीच हाती लागत नाही.

रेघेचा रंग: पांढरी रेघ खवल्यांत हरवते, लाल सुंगटांत. आधी ३ पिक्सेलची काळी, तिच्यावर १ पिक्सेलची पिवळी अशी दुहेरी रेघ काढा, ती सगळीकडे दिसते. ओपनसीव्हीत रंगांचा क्रम निळा-हिरवा-लाल असतो, तेव्हा पिवळा म्हणजे ०, २५५, २५५.

आता ‘बांगडा’. ओपनसीव्हीचं ‘पुट-टेक्स्ट’ वापरतं ते हर्शी अक्षरं, १९६७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत रेघांनी बनवलेली. त्यात देवनागरी नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. मजकूर पिलोने, देवनागरी फॉन्ट देऊन लिहा. पण तिथेही ‘विसवण’ लिहून बघा: पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे पडली तर पिलोला अक्षरजुळणीची सोय मिळालेली नाही. त्यासाठी ‘रॅक्म’ ही लायब्ररी लागते, आणि विंडोजवर तिच्या जोडीला ‘फ्रिबिडी’ वेगळं बसवावं लागतं. हे जमेपर्यंत फोटोवर नुसता क्रमांक काढा आणि नावांची यादी बाजूला दाखवा. फाइलमध्ये तसाही क्रमांकच जायला हवा, नाहीतर एक जण विसवण लिहील, दुसरी सुरमई, आणि मॉडेलला ते दोन वेगळे मासे वाटतील. नाव द्यायला माऊस वापरूच नका. डाव्या हाताला १, २, ३ या कळा द्या, उजवा हात माऊसवर राहू दे.

याच जातीची आणखी एक अडचण लवकरच भेटेल. विंडोजवर फोल्डरचं नाव ‘मासे’ असं देवनागरीत असेल तर ओपनसीव्हीला फोटो सहसा उघडता येत नाही आणि ते ‘काहीच नाही’ परत देतं. फाइलचे बाइट नमपायने वाचून ‘इमडीकोड’ला द्या, काम होतं. चौकटींची जेसन फाइल लिहितानाही यूटीएफ-८ (देवनागरी साठवू शकणारी अक्षरपद्धत) स्पष्ट सांगा.

साठवण्याच्या तीन चाली प्रचलित आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या की आठवडे वाया जातात. ४०००×३००० च्या फोटोत डावा-वरचा कोपरा (१०००, ६००), उजवा-खालचा (१८००, १०००) धरा. पास्कल-व्हीओसी हेच चार आकडे ठेवतं. कोको ठेवतं १०००, ६००, ८००, ४००, म्हणजे कोपरा आणि रुंदी-उंची. योलोला मध्यबिंदू आणि मापं फोटोच्या पटीत लागतात: ०.३५, ०.२६६७, ०.२, ०.१३३३. तुमच्या फाइलमध्ये मूळ पिक्सेलचे आकडे आणि तीन क्लिकचे बिंदू तसेच्या तसे ठेवा, बाकी रूपं त्यावरून केव्हाही काढता येतात. उलटं होत नाही: सरळ चौकटीवरून माशाचा तिरकेपणा परत मिळणार नाही.

शेवटी साधनाबद्दल. ओपनसीव्हीची विंडो आपला प्रोग्राम तपासून बघायला ठीक आहे, दिवसभर बसून फोटोंवर काम करायला नाही. विंडो-बटणं बनवायच्या क्यूटी या लायब्ररीचं ‘ग्राफिक्स-व्ह्यू’ घेतलंत तर फोटो एक वस्तू, प्रत्येक चौकट एक वस्तू, रूपांतर ‘मॅप-टू-सीन’ करतं, माऊसखाली झूम एका ओळीत होतो, झूम केला तरी जाडी न बदलणारी लेखणी मिळते आणि देवनागरी नीट उमटतं. वर सांगितलेलं निम्मं काम तिथे लिहावंच लागत नाही. आणि प्रकल्पाचा विषय मासे ओळखणं हा असेल, आकार काढणं हा नसेल, तर स्वतः लिहिण्याआधी फोटोंवर चौकटी काढायची तयार साधनं, सीव्हॅट किंवा ऑक्सफर्डच्या व्हीजीजी गटाचं व्हीआयए, वापरून बघा. व्हीआयए ही एकच एचटीएमएल फाइल आहे, ब्राउझरमध्ये उघडते, इंटरनेट लागत नाही. तीन क्लिकच्या तिरक्या चौकटीसाठीच स्वतःचं लिहायचं ठरलं, तर आजच्या प्रोग्रामात आधी रूपांतराचं फंक्शन वेगळं काढा, मग यादी, मग प्रत. आणि पुढच्या फोटोवर जाताना दर वेळी आपोआप साठवा: आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग ‘रिप्लेस’ने नाव बदला, म्हणजे पावसात वीज मध्येच गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते.